किनिकची ४०२ मिनिटं

पहिला दिवस : शुक्रवार, ३० मे २०२५

गाडी इलिनॉयमधल्या आय-८८ महामार्गाला लागेपर्यंत आबा गप्प होते. डिकाल्ब मागं पडल्यावर म्हणाले, "अकराच असत्यात व्हय त्यांच्यातबी?"

"अकराच, आबा."

"मग जमंल मला."

आबांचा फुटबॉल कोल्हापूरचा. पेठेतल्या तालमीकडून शाहू स्टेडियमवर खेळलेले, आणि नंतर तेहतीस वर्षं हायस्कूलला पी.टी.चे सर. अमेरिकन फुटबॉल त्यांनी माझ्या घरी टीव्हीवर दोन-तीनदा बघितला आणि दर वेळी उठून गेले. चेंडू पायाला लागतच नाही, मग त्याला फुटबॉल कशाला म्हणायचं, हा त्यांचा सवाल. तरी या चार दिवसांच्या प्रवासाला ते तयार झाले, कारण मी त्यांना एकच गोष्ट सांगितली होती. १९३९ साली आयोवा विद्यापीठाच्या संघात माणसंच इतकी कमी होती, की तीच अकरा पोरं चढाईलाही उभी राहायची आणि बचावालाही. त्यातला एक जण तर सलग ४०२ मिनिटं मैदानाबाहेर गेला नाही. ज्यांनी आयुष्यभर तेरा पोरं आणि अकरा जर्सी यांचं गणित जमवलं, त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही.

माझं कारण वेगळं. २००३ ते २००५ मी आयोवा सिटीत एम.एस. केलं. रोज कॅम्बसच्या खिडकीतून किनिक स्टेडियम दिसायचं. विद्यापीठाची ही बस विद्यार्थीच चालवतात, फुकट असते. दोन वर्षं त्या विटांच्या भिंतीशेजारून गेले, पण किनिक कोण, हे एकदाही कुणाला विचारलं नाही. गेल्या हिवाळ्यात त्याच्या एका भाषणाचं जुनं ध्वनिमुद्रण कानावर पडलं आणि ही चूक मनाला लागून राहिली. नाइल किनिक चोविसाव्या वर्षी गेला. मी तिथं शिकायला गेले तेव्हा मीही चोवीसचीच होते.

साडेआठच्या सुमारास मिसिसिपी ओलांडली. आबांनी काच खाली केली. पलीकडं आयोवा. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन आणि मक्याच्या रोपांच्या सरळ ओळी, अजून जेमतेम घोट्याच्या वर आलेल्या. मधे सोयाबीनचे तुकडे. "आपल्या शिरोळकडची जमीन अशीच," आबा म्हणाले, "फक्त हितं बांध दिसंना कुठं." वॉलकॉटच्या ट्रकस्टॉपला चहा घेतला. जगातला सगळ्यात मोठा ट्रकस्टॉप अशी त्याची ख्याती आहे. डबा आमचा होता, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

दहा वाजता आयोवा सिटी. दुपार ग्रंथालयात गेली. मुख्य ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर दुर्मिळ संग्रहाची खोली आहे आणि किनिकची कागदपत्रं तिथं जपून ठेवली आहेत. पिशवी कपाटात ठेवायची, शाईचं पेन आत न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. आबांना हा नियम फार आवडला. टेबलावर एकेक फोल्डर येत गेलं. पिवळी पडलेली कात्रणं, कडा इतक्या ठिसूळ की पान उलटताना श्वास रोखला जातो. त्यातल्या मजकुरापेक्षा मी आधी मथळेच बघत राहिले, कारण एकाच पानावर या बाजूला फुटबॉल आणि त्या बाजूला युरोप असं ते वर्ष होतं. १ सप्टेंबर १९३९ला जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला. आयोवाचा पहिला सामना ३० सप्टेंबरला. त्याच्या दोनच दिवस आधी वॉर्सा पडलं होतं.

आबांनी खिशातून वही काढली. शाळेच्या सामन्यांची नोंद ते अशाच वहीत ठेवायचे : तारीख, समोरचा संघ, निकाल, आणि कोण किती वेळ खेळलं. मी सांगत गेले, ते पेन्सिलनं लिहीत गेले. ३० सप्टेंबर, साउथ डकोटा, ४१-०. ७ ऑक्टोबर, इंडियाना, ३२-२९. १४ ऑक्टोबर, मिशिगनच्या मैदानावर, ७-२७, हार. मग एक शनिवार मोकळा. २८ ऑक्टोबर, विस्कॉन्सिन, १९-१३. ४ नोव्हेंबर, परड्यू, ४-०. ११ नोव्हेंबर, नोटर डेम, ७-६. १८ नोव्हेंबर, मिनेसोटा, १३-९. २५ नोव्हेंबर, नॉर्थवेस्टर्न, ७-७. सहा जिंकले, एक हरले, एक बरोबरीत. हा आकडा एरवी कुणाच्या लक्षात राहिला नसता, पण आधीच्या दोन वर्षांत मिळून त्यांनी दोनच सामने जिंकले होते. १९३७ला एक आणि १९३८ला एक.

शेवटचा रकाना आबांनी रिकामा ठेवला. "आठ सामने, साठ-साठ मिनिटं. चारशे ऐंशी झाली. तू चारशे दोन म्हणतीस. मधली अठ्ठ्याहत्तर कुठं गेली?"

मला सांगता आलं नाही. "परत यायच्या आधी हिशेब लागला पायजे," आबा म्हणाले आणि पेन्सिल कानावर ठेवली.

दुसरा दिवस : शनिवार, ३१ मे

सकाळी सातलाच स्टेडियमपाशी गेलो. हंगाम शरद ऋतूत, त्यामुळे आता इथं कुणी नव्हतं. वाहनतळात दोन माणसं कुत्री फिरवत होती. समोर मुलांचं रुग्णालय. सामन्याच्या दिवशी पहिलं क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पहिला पाव भाग, संपलं की अख्खं स्टेडियम या इमारतीकडं वळतं आणि वरच्या मजल्यावरून बघणाऱ्या आजारी मुलांना हात करतं. २०१७पासूनची ही रीत. सत्तर हजारांच्या घरात माणसं एकदम हात करतात. तो दिवस बघायला मी पुन्हा येणार आहे.

हे मैदान १९२९ साली सात-आठ महिन्यांत उभं राहिलं. खोदाई आणि वाहतूक घोड्याखेचरांच्या जिवावर झाली. कामात मेलेली जनावरं उत्तरेच्या टोकाला तिथंच पुरली, असं इथले लोक सांगतात. ऑक्टोबरमध्ये पहिला सामना झाला आणि त्याच महिनाअखेरीला न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. पुढची दहा वर्षं शेतकऱ्यांच्या या राज्यावर काय गुदरलं असेल, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला सांगायला नको. मक्याला भाव नाही, बँका बुडालेल्या, जमिनी गहाण. त्यात विद्यापीठाचा संघ दर शनिवारी मार खातोय. १९३९ला लोक वेडे झाले, ते काही नुसत्या खेळापायी झाले नाहीत.

स्टेडियमच्या दक्षिण अंगाला किनिकचा ब्रॉन्झचा पुतळा आहे, २००६चा, म्हणजे मी इथून गेल्यानंतरचा. मला आवडलं ते असं, की पुतळ्यात तो खेळताना दाखवलेला नाही. साध्या कपड्यांत, हातात पुस्तकं, आणि हेल्मेट पायाशी ठेवलेलं. मैदानात उतरण्याआधी आजचे खेळाडू त्या हेल्मेटला हात लावून जातात. आबांनी चपला काढल्या नाहीत, पण टोपी काढली. वाकून हेल्मेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. "चामड्याचं असंल न्हाई का खरं?" हो, चामड्याचं. चेहऱ्यापुढं जाळी नसायची.

किनिक पाच फूट आठ इंच, वजन १७० पौंड. "म्हंजी माझ्याएवढा," आबा म्हणाले. अभ्यासात पहिल्या रांगेतला, शेवटच्या वर्षी वर्गाचा अध्यक्ष. १९३८चा हंगाम तो दुखावलेल्या घोट्यावर खेळला. घरचे ख्रिश्चन सायन्स पंथाचे, तेव्हा डॉक्टरकडं जायचं नाही, पाय आपोआप बरा व्हायची वाट बघायची. योगायोग असा, की पुढच्या वर्षी जो प्रशिक्षक आला तो स्वतःच डॉक्टर होता. डॉ. एडी अँडरसन. आयोवाच्याच मेसन सिटीत वाढलेले, नोटर डेम विद्यापीठात नूट रॉकनी या नामांकित प्रशिक्षकाच्या हाताखाली घडलेले. सकाळी विद्यापीठाच्या रुग्णालयात काम आणि दुपारी मैदान, असा त्यांचा दिवस. त्यांनी वसंतातच इतका कडक सराव घेतला, की निम्म्याहून अधिक पोरं गळाली. उरलेल्यांतली पंधरा-सोळा भरवशाची.

इथं आबांनी मला थांबवलं. पुतळ्याजवळच्या कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "हे बघ, पोरं कमी असली की मास्तर दोन गोष्टी करतोय. एक तर रडतोय, न्हाईतर आहे त्या अकरांचा दम वाढीवतोय. ह्यानं दम वाढीवला." त्यांनी स्वतः काय केलं होतं ते मला ठाऊक होतं. भल्या पहाटे रंकाळ्याला अख्ख्या संघाला फेऱ्या मारायला लावायचे. त्या आवाजानं मी लहानपणी उठायची.

नियमही तसेच होते. एका क्वार्टरमध्ये खेळाडू बाहेर गेला की त्या क्वार्टरमध्ये परत येता यायचं नाही. म्हणून थकला तरी कुणी बाहेर जायचा नाही. १९४१ला हा नियम सैल झाला आणि हळूहळू चढाईची अकरा वेगळी, बचावाची वेगळी असं सुरू झालं. दोन्हीकडं उभी राहणारी ही पोरं म्हणूनच 'आयर्नमेन' म्हणून ओळखली गेली.

आबांना खेळ समजावून सांगायला मला कबड्डी उपयोगी पडली. चार चढायांत दहा यार्ड पुढं सरकायचं. नाही जमलं तर चेंडू समोरच्याला द्यावा लागतो, आणि तसा द्यायचाच तर तो आपल्या गोलरेषेपासून लांब देणं शहाणपणाचं, म्हणून लाथ मारून दूर पिटाळायचा. "म्हंजी पाय लागतोय की!" आबांचा चेहरा उजळला. लागतोय तर काय! आणि नोटर डेमचा सामना किनिकनं पायानंच वाचवला. त्या दिवशी त्यानं सोळा वेळा चेंडू पिटाळला, एकूण ७३१ यार्ड.

स्टेडियमच्या प्रवेशापाशी भिंतीवर त्याच सामन्यातल्या टचडाउनचं उठावशिल्प आहे. नोटर डेम तोवर सहाच्या सहा सामने जिंकून आलेलं. पहिला अर्धा संपत आला असताना त्यांच्या हातून चेंडू सुटला, अगदी त्यांच्या गोलरेषेजवळ. आयोवाच्या अल कूपीनं चाल बदलली, किनिकला नेहमीच्या जागेवरून हलवलं आणि किनिक चेंडू घेऊन गोलरेषेच्या आत घुसला. हेच टचडाउन, सहा गुण. मग जादा एका गुणासाठी त्यानं ड्रॉपकिक मारली : चेंडू हातातून खाली सोडायचा, जमिनीवर टप्पा पडून उठतो न उठतो तोच लाथ. तो एक गुण झाला. नंतर नोटर डेमनंही टचडाउन केलं, पण त्यांचा जादा गुण हुकला. ७-६. शेवटच्या मिनिटांत आयोवा आपल्याच अर्ध्या मैदानात अडकलेलं असताना किनिकनं ६३ यार्डांची लाथ मारली आणि चेंडू थेट त्यांच्या गोलरेषेजवळ नेऊन टाकला. सामना तिथंच संपला म्हणा.

त्या आधीच्या शनिवारी परड्यूविरुद्ध ४-०. फुटबॉलमध्ये चार गुण ऐकून इथल्या लोकांनाही नवल वाटतं. समोरच्याला त्याच्याच गोलक्षेत्रात अडकवलं की दोन गुण मिळतात. आयोवाच्या माइक एनिचनं परड्यूच्या लाथा अडवल्या, आणि असं दोनदा झालं. "बचावानं जिंकलेला सामना," आबांनी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

दुपारी नदीकाठानं ओल्ड कॅपिटलपर्यंत चालत गेलो. सोनेरी घुमटाची ही इमारत १८५७पर्यंत राज्याचं विधानभवन होती. इथल्याच आंतरराष्ट्रीय लेखक उपक्रमासाठी १९७५ ते ७७ दिलीप चित्रे या गावात राहिले होते. मी विद्यार्थी असताना संध्याकाळी या काठावर त्यांच्या कविता वाचायची. आबांना कवितेचं तेवढं नाही, पण बाकावर त्यांनी माझ्या शेजारी बराच वेळ बसून घेतलं.

अंधार पडल्यावर त्यांना भाषण ऐकवलं. डिसेंबर १९३९, न्यूयॉर्क. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा हाइझमन करंडक स्वीकारताना एकवीस वर्षांचा किनिक बोलतोय. आवाज पातळ, स्वच्छ, कुठं अडखळत नाही. आधी प्रशिक्षकांचे, सोबत्यांचे आभार. शेवटी तो म्हणतो, मी देवाचे आभार मानतो की माझं युद्ध मिडवेस्टच्या मैदानांवर झालं, युरोपच्या रणांगणांवर नाही. आणि या देशातले खेळाडू फ्रान्सच्या क्रुआ द गेर या शौर्यपदकापेक्षा या करंडकासाठी झुंजणं कितीतरी पसंत करतील, हे मी खात्रीनं सांगतो.

आबांनी तीनदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा मी मराठीत सांगायला लागले तर हातानं थांबवलं.

तिसरा दिवस : रविवार, १ जून

आय-८०नं पश्चिमेला. वाटेत अमानाच्या जर्मन वस्त्या लागतात, त्या सोडून दिल्या, कारण अडेलला दिवस द्यायचा होता. राज्याची राजधानी डे मॉइन, तिच्या पलीकडं पंचवीस मैलांवर हे गाव. मधोमध डॅलस काउंटीचं न्यायालय, १९०२चं, मनोऱ्यांचं, फ्रेंच गढीसारखं. भोवती विटांचे रस्ते. गाडीच्या चाकांचा खडखड आवाज ऐकून आबांना आपल्याकडचे फरशीचे बोळ आठवले.

किनिकचा जन्म इथला, ९ जुलै १९१८. आजोबा जॉर्ज क्लार्क १९१३ ते १७ राज्याचे गव्हर्नर. पण गव्हर्नरच्या लेकीचं घरही मंदीनं सोडलं नाही. शेती परवडेना म्हणून १९३४ला कुटुंब ओमाहाला गेलं, वडिलांना तिथं नोकरी मिळाली. इथून जवळच व्हॅन मीटर नावाचं छोटं गाव आहे, बेसबॉलचा बॉब फेलर तिथला. पोरवयात फेलर चेंडू टाकायचा आणि किनिक त्याच्यासमोर झेलायला बसायचा. दोघं एकाच वर्षी जन्मलेले, एकाच काउंटीतले. किनिक ४ डिसेंबर १९४१ला नौदलाच्या हवाई प्रशिक्षणात दाखल झाला, पर्ल हार्बरच्या तीन दिवस आधी. फेलर पर्ल हार्बरच्या दुसऱ्या दिवशी नौदलात गेला. फेलर परत आला आणि पुढं दहाएक वर्षं खेळला.

दुपारी जेवायला टेंडरलॉइन सँडविच घेतलं. हा या राज्याचा खास पदार्थ. डुकराचं मांस कुटून पातळ करतात, कुरकुरीत तळतात, आणि पावाच्या कडेनं ते चांगलं वीतभर बाहेर येतं. आबांनी खिशातली चटणीची पुडी सोडली, वर भुरभुरली आणि दोन्ही हातांनी धरून संपवलं. पांढऱ्या रश्श्याची सर नाही म्हणाले, पण मन लावून खाल्लं.

काल आयोवा सिटीत मी एक लांबुळका चेंडू विकत घेतला होता. गावाबाहेर एका मोकळ्या मैदानावर गेलो आणि आबांनी ड्रॉपकिक करून बघायची ठरवली. गोल चेंडू टप्पा पडला की सरळ वर येतो. हा मेला कधी डावीकडं, कधी उलटा अंगावर. टोकावर पडला तर उसळतो, कुशीवर पडला तर सरपटतो. पहिल्या दहा वेळा पाय हवेतच गेला. मग त्यांनी चेंडू मारायचं सोडून नुसता सोडून बघायला सुरुवात केली. दोन्ही हातांत उभा धरायचा, टोक किंचित आपल्याकडं, आणि सोडायचा. पुन्हा उचलायचा, पुन्हा सोडायचा. पंधरा-वीस मिनिटं हेच. मी मैदानाच्या कडेला बसून बघत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघ्याला पट्टा, आणि चेहऱ्यावर तीच शाळेतली शिस्त. शेवटी एकदा टप्पा आणि पाय एकत्र आले. चेंडू फार लांब गेला नाही, वीसेक पावलं असेल. पण सरळ गेला, आणि आवाज नेमका आला. "ही लाथ," आबा धापा टाकत म्हणाले, "समोरनं सात माणसं अंगावर येत असताना मारायची. आणि हुकली तर बरोबरी." नोटर डेमच्या त्या एका गुणाचं मोल मला कात्रणांतून कळलं नव्हतं ते तिथं कळलं.

मग गवतावर बसून वही पुढं सरकली. इंडियानाचा सामना : २९-२६नं मागं, चौथी चढाई, गोलरेषा पंधरा यार्डांवर. तीन गुणांची लाथ मारून बरोबरी साधता आली असती. किनिकनं ती नाकारली आणि कप्तान अर्विन प्रासेकडं चेंडू फेकला. टचडाउन, ३२-२९. मिनेसोटाचा सामना : तीन क्वार्टर संपल्यावर ०-९. चौथ्यात किनिकनं दोन टचडाउन पास फेकले, एक प्रासेला, एक बिल ग्रीनला. १३-९. त्या विजयानं ब्रॉन्झचं डुक्कर पहिल्यांदा आयोवाकडं आलं.

डुकराची गोष्ट आबांना नीट सांगावी लागली. १९३४ला मिनेसोटाविरुद्ध आयोवाच्या ऑझी सिमन्सला फार मार बसला. सिमन्स कृष्णवर्णीय होता, आणि मुद्दाम त्यालाच लक्ष्य केलं असं आयोवातल्या लोकांना वाटलं. पुढच्या वर्षी वातावरण इतकं तापलं, की ते निवळावं म्हणून मिनेसोटाचे गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन यांनी आयोवाच्या गव्हर्नरांशी पैज लावली : हरेल त्यानं एक जातिवंत डुक्कर द्यायचं. आयोवा हरलं आणि गव्हर्नर हेरिंग जिवंत डुक्कर घेऊन ओल्सन यांच्या कचेरीत गेले. तेव्हापासून 'फ्लॉइड ऑफ रोझडेल' हा करंडक. पैज मजेची झाली आणि लोकांच्या लक्षात डुक्कर राहिलं. मला मात्र वाटतं, त्या करंडकाबरोबर सिमन्सचं नाव दर वेळी घ्यायला हवं.

"आणि मिशिगन?" हरलेला सामना आबांच्या नजरेतून सुटत नाही. तिथं टॉम हार्मननं मिशिगनचे सगळे २७ गुण एकट्यानं केले. पुढच्या वर्षीचा हाइझमन त्याचा. तोही पुढं वैमानिक झाला. एप्रिल १९४३मध्ये त्याचं विमान दक्षिण अमेरिकेत डच गयानाच्या जंगलात पडलं, तो पायी चालत बाहेर आला. त्याच वर्षी चीनमध्ये त्याचं विमान पाडलं गेलं, त्यातूनही परतला.

रात्री डे मॉइनला मुक्काम. आबा लवकर झोपले. मी वही उघडून पाहिली. शेवटच्या रकान्यात साउथ डकोटासमोर आडवी रेघ होती आणि पुढच्या सहा सामन्यांसमोर ६० लिहिलं होतं. पहिला सामना ४१-०नं जिंकलेला, तिथं प्रशिक्षकानं त्याला बसवून विश्रांती दिली असणार, हे आबांनी मला न विचारताच ताडलं होतं. नॉर्थवेस्टर्नची जागा रिकामी.

चौथा दिवस : सोमवार, २ जून

तारीख मी मुद्दाम साधली होती. २ जून १९४३.

सकाळी निघताना सांगितलं नाही, मिसिसिपीच्या अलीकडं सांगितलं. पदवीनंतर किनिकला व्यावसायिक संघानं दहा हजार डॉलरला बोलावलं होतं, तेव्हा ती मोठी रक्कम. त्यानं नाकारली आणि कायद्याच्या अभ्यासाला लागला. मग नौदल. त्या दिवशी व्हेनेझुएला आणि त्रिनिदादच्या मधल्या परियाच्या आखातात 'लेक्झिंग्टन' या विमानवाहू जहाजावरून सरावाचं उड्डाण होतं. त्याच्या वाइल्डकॅट विमानातून तेल गळायला लागलं. जहाजाची धावपट्टी उड्डाणाला उभ्या असलेल्या विमानांनी भरलेली, म्हणून त्यानं विमान चार मैलांवर समुद्रात उतरवलं. आठ मिनिटांत बोट पोहोचली. पाण्यावर तेलाचा तवंग होता, तो नव्हता. देह सापडला नाही. पुढच्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ बेनही पॅसिफिकमध्ये वैमानिक म्हणून लढताना मारला गेला.

आबा म्हणाले, "आईला दोघंबी?"

"दोघंही."

त्यानंतर इलिनॉयमध्ये शिरेपर्यंत आम्ही बोललो नाही. नंतर मी एवढंच सांगितलं, की युद्ध संपल्यावर जपानमध्ये अमेरिकी फौजांनी टोकियोतल्या मेजी मंदिराच्या मैदानाला काही काळ किनिकचं नाव दिलं होतं. आणि आयोवातल्या स्टेडियमला ते १९७२ साली मिळालं. आयोवा विद्यापीठ ज्या गटात खेळतं त्या बिग टेनच्या सामन्यांत नाणेफेकीचं जे नाणं वापरतात, त्याच्या एका बाजूला त्याचा चेहरा असतो.

घर वाटेत होतं, पण थांबलो नाही. एव्हन्स्टनला सेंट्रल स्ट्रीटवर पोहोचायला साडेपाच झाले. १९३९चा शेवटचा सामना इथंच झाला, तेव्हाच्या डाइक स्टेडियमवर. ते स्टेडियम २०२४ला पाडलं. त्या जागी नवं उभं राहत होतं. भोवती उंच कुंपण, आत क्रेन आणि लोखंडाचा सांगाडा. कामगार घरी निघाले होते.

कुंपणाला टेकून मी शेवटचा सामना सांगितला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये किनिकचा खांदा निखळला आणि साउथ डकोटानंतर पहिल्यांदाच त्याला बाहेर यावं लागलं. सामना ७-७ सुटला. त्याच दुपारी मिशिगननं ओहायो स्टेटला हरवलं होतं, म्हणजे इथं आयोवा जिंकलं असतं तर बिग टेनच्या पहिल्या क्रमांकात त्यांचा वाटा असता. संघाच्या १३० गुणांपैकी १०७ गुणांत ज्याचा हात होता, तो कडेला बसून होता.

"क्वार्टर किती मिनिटांचं?"

"पंधरा."

आबांनी वही उघडली. ओठांची हालचाल दिसत होती. सहा सामने साठ-साठनं ३६०. चारशे दोनमधून ते गेले की बेचाळीस. दोन क्वार्टरांची तीस, वर बारा.

"तिसऱ्यातलं बारावं मिनिट," ते म्हणाले. "तीन आणि पंधरा, अठरा मिनिटं बाहेर बसून बघितली त्यानं."

शेवटच्या ओळीसमोर ४२ लिहिलं, खाली रेघ ओढून बेरीज मांडली आणि वही खिशात ठेवली. मी गाडीकडं वळले तरी ते जाळीला बोटं अडकवून आत बघत उभे होते.